काम काहीच नव्हतं

रजेच्या अर्जात 'कारण' असा एक रकाना असतो. गेली पंचवीस वर्षं मी त्यात 'घरगुती अडचण', 'प्रकृती ठीक नसल्याने', 'नात्यातील लग्नकार्य' असं काहीतरी लिहीत आले. जानेवारीतल्या एका बुधवारची रजा टाकायला बसले आणि त्या रकान्यापाशी पेन अडलं. मला मुंबईला जायचं होतं. एकटीला. सकाळी जायचं, रात्री परत यायचं. कशाला? तर कशालाच नाही. शेवटी 'खासगी काम' लिहून मोकळी झाले. साहेबांनी सही करता करता चष्म्यावरून पाहिलं, "सगळं ठीक आहे ना?"

घरी सासूबाईंनी त्याच्याही पुढे जाऊन विचारलं, "कोणाचं काय झालं?"

त्यांचंही चुकलं नव्हतं. आमच्या घरातून मुंबईला उगाच कोणी जात नाही. दवाखाना, लग्न, विमानतळ किंवा मयत. मी स्वतः नाशिकरोडहून आजवर निदान चाळीस वेळा मुंबईला गेले असेन, पण त्या शहरातलं मला पाठ काय, तर परळच्या एका हॉस्पिटलची लिफ्ट, दादरच्या साड्यांच्या दुकानांचे जिने आणि भाचा परदेशी गेला तेव्हाचं विमानतळाचं दार. दर वेळी हातात कोणाची तरी फाइल नाहीतर कोणाचं तरी मूल. मान वर करून बघायची सवडच कधी झाली नाही.

"शनिवारी जाऊ की, मी गाडी काढतो," हे म्हणाले. आमचे हे भला माणूस, पण त्यांच्याबरोबर मुंबई बघायची म्हणजे दिवसभर पार्किंग बघायचं. मी म्हटलं, मला एकटीलाच जायचंय. ते दोन मिनिटं गप्प बसले, मग म्हणाले, "बरं. पॉवर बँक घेऊन जा."

सातच्या सुमारास नाशिकरोडला पंचवटी एक्सप्रेस आली. थंडी अशी, की तोंडातून वाफ निघत होती. जाड लोकरीचा स्वेटर, कानाला स्कार्फ, अशा थाटात मी डब्यात शिरले. या स्वेटरबद्दल पुढे येईलच. मुंबईला थंडी नसते हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. सकाळी सहा वाजता ते आठवत नाही, इतकंच.

शेजारी माझ्याच वयाच्या एक ताई होत्या. मांडीवर प्लॅस्टिकची फाइल. देवळाली जायच्या आत त्यांनी स्वतःचं सांगून टाकलं. वडिलांच्या निवृत्तिवेतनाचं काहीतरी अडकलंय, मुंबईतल्या एका कचेरीत तिसरी खेप. मग ओघानेच, "तुमचं काय काम?"

आणि मी म्हणाले, "डोळ्यांच्या डॉक्टरांकडे."

का म्हणाले, देव जाणे. 'सहज' हा शब्द ओठांपर्यंत आला होता. पण रखडलेली पेन्शन मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला 'मी सहज चाललेय' असं सांगणं मला जमेना. खोट्याचं एक असतं, त्याला खायला घालावं लागतं. मोतीबिंदू का? नाही, नुसती तपासणी. दोन्ही डोळे? हो. मग थेंब घालतील, त्याने तीन-चार तास धूसर दिसतं, सोबत कोणी कसं आणलं नाही? इगतपुरीपर्यंत मी माझ्या डोळ्यांविषयी इतकं बोलले की मला खरंच चुरचुरल्यासारखं व्हायला लागलं.

पूर्वी इगतपुरीला इंजिन बदलायचं, तेवढ्यात बटाटेवडे उरकायचे. आता वीजप्रवाह एकच झालाय, इंजिन बदलावं लागत नाही, पण वड्यांची भूक तिथेच लागते. पुढे थळघाटातले बोगदे. ताई झोपल्या. कल्याणला स्वेटर काढला, तो पिशवीत मावेना. बांगड्या, कुंकू, रुमाल मावेल एवढीच पिशवी घेऊन 'मोकळं' फिरायचं ठरवलं होतं. स्वेटर हातावर टाकून मी पावणेअकराच्या सुमारास सीएसएमटीला उतरले. "डोळ्यांना जपा हं," म्हणत ताई गर्दीत गेल्या.

आता पहिली कबुली. फलाटावरून बाहेर येईपर्यंत सगळं छान होतं, आणि मग एकदम काही सुचेना. इतरांना पाय कुठे न्यायचे ते माहीत होतं. मी खांबाला टेकून कागद काढला. त्यावर अकरा ठिकाणं लिहिली होती, प्रत्येकापुढे वेळ. गेटवे, राणीचा बाग, गिरगावची चाळ, हाजीअली. रात्री लिहिताना ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. तिथे उभं राहून वाचल्यावर ती पुन्हा एक कामाचीच यादी निघाली. कागद घडी घालून पर्समध्ये टाकला. फाडला वगैरे नाही, मागे किराणा लिहिलेला होता.

रस्ता ओलांडायला भुयारी मार्गात उतरले आणि चुकले. मोबाइलची कव्हरं, पट्टे, खेळण्यातली माकडं यांच्या दुकानांतून दोनदा फिरून एकदाची वर आले, तर भलत्याच तोंडाशी. पण वर आले ती महापालिकेसमोर, आणि तिथून पहिल्यांदा ते स्टेशन समोरून दिसलं. चाळीस वेळा त्याच्या पोटात जाऊन आले होते, तोंड कधी पाहिलं नव्हतं!

किती वेळ बघत होते, माहीत नाही. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाने ते बांधलं, १८७८ साली काम सुरू झालं आणि पुरं व्हायला दहा वर्षं लागली, २००४ साली ते जागतिक वारशात गेलं, हे सगळं मी वाचून आले होते. पण फाटकाच्या एका खांबावर सिंह बसलाय आणि दुसऱ्यावर वाघ, एक इंग्रजांचा आणि एक आपला, हे वाचलेलं असूनही बघताना हसू आलं. दोघं एकमेकांकडे न बघता रस्त्याकडे बघतात. अगदी वर, मोठ्या घुमटावर एक बाई उभी आहे, एका हातात मशाल, दुसऱ्या हातात चाक. ती 'प्रगती'. नक्षीकामात पानं, पक्षी, प्राण्यांची तोंडं. त्यात जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. कोण्या विद्यार्थ्याने आपल्या मास्तरांचं नाक चोरून तिथे बसवलं असेल का, असा एक वेडगळ विचार मनात येऊन गेला. बरोबर कोणी असतं तर बोलून टाकला असता आणि विसरले असते. बोलायला कोणी नव्हतं, म्हणून तो अजून आठवतो.

मागे वळून पाहिलं तर महापालिकेची इमारतही त्याच स्टीव्हन्सची, १८९३ची. एका माणसाने समोरासमोर दोन उभ्या केल्या आणि त्यांच्यामधून लोक घड्याळ बघत पळताहेत. डोक्यावर लांबलचक लाकडी पाटी घेतलेला एक डबेवाला "बाजू, बाजू" करत माझ्या अंगावरून गेला. तीसेक डबे असतील. रंगाने लिहिलेले आकडे आणि अक्षरं झाकणांवर. त्याने मला ज्या नजरेने पाहिलं त्याचा अर्थ एवढाच, की बाई, उभं राहायचं तर कडेला राहा. उभं राहायला त्याची हरकत नव्हती.

तिथून दादाभाई नौरोजी रस्त्याने दक्षिणेला. या रस्त्याची सोय म्हणजे इमारतींच्या पुढच्या कमानी. त्यांच्याखालून सावलीत चालता येतं. हुतात्मा चौकापर्यंत पंधरा-वीस मिनिटांची वाट. मला दीड तास लागला, त्याचं कारण चप्पल.

अर्ध्या वाटेत उजव्या चपलेचा अंगठा तुटला. नवीच होती, 'चालायला छान' म्हणून दुकानदाराने गळ्यात मारलेली. चार पावलं फरफटत गेले आणि एका खांबाच्या आडोशाला बसलेले चांभार दिसले. साठीच्या पुढचे. समोर लोखंडी ऐरण, लाकडी पेटी, मागच्या भिंतीला छत्री टांगलेली, ऐन जानेवारीत.

"मामा, एवढं शिवून द्या ना."

त्यांनी चप्पल हातात घेतली, उलटी केली, तळव्यातून अंगठा ओढून पाहिला. "चिकटवलेलं होतं ताई. टाका घालून दिला असता तर तुटलं नसतं. बसा." एक पालथा खोका पुढे केला आणि माझ्या अनवाण्या पायाखाली वर्तमानपत्राचं एक पान सरकवलं. ते पान सरकवणं मला फार आवडलं. फूटपाथवर बसलेल्या माणसाने माझा पाय रस्त्याला लागू नये म्हणून काळजी घेतली.

मग मी त्यांचं काम बघत बसले. रापीने त्यांनी तळव्याला एक बारीक चीर दिली. तुटका पट्टा आत घालून आरी टोचली. आरीच्या टोकाला मासा पकडायच्या गळासारखी खाच असते. खालून दोरा त्या खाचेत अडकवायचा, आरी वर खेचायची की दोऱ्याचं वेटोळं वर येतं, त्यातून दुसरं टोक ओवायचं आणि दोन्ही हात बाजूला ताणून टाका आवळायचा. टोचणं, अडकवणं, खेचणं, आवळणं. दोऱ्याला मधूनमधून मेणाचा गोळा चोळायचे. सगळा वेळ नजर रस्त्यावर. हातांना डोळ्यांची गरज नव्हती.

"कचेरीत का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"कोर्टात?"

"नाही हो. नाशिकहून आलेय."

"काय काम काढलं?"

समोर रस्त्यावरून बस गेली, लाल, दुमजली, हल्लीची विजेवरची. खोटं तयार होतं जिभेवर, डोळ्यांचे डॉक्टर. पण पायात चप्पल नसताना खोटं बोलायला जोर येत नाही बहुतेक. मी म्हटलं, "काही नाही. नुसती फिरायला आलेय. एकटीच."

मला वाटलं आता ते थांबून बघतील. त्यांनी टाका आवळला आणि म्हणाले, "मग घाई नाही. दुसरीचाही अंगठा शिवून टाकतो. तो परवा तुटंल."

साऱ्या दिवसात मला मिळालेलं हे सगळ्यात मोठं सर्टिफिकेट.

दुसरी चप्पल शिवून होईपर्यंत मी त्या खोक्यावर बसून होते, दोन्ही पाय वर्तमानपत्रावर, स्वेटर त्यांच्या पेटीवर. गुडघ्याच्या उंचीवरून फोर्ट बघायचा असेल तर ही जागा उत्तम. माणसं दिसत नाहीत, चालणी दिसतात. वकिलांचे काळे बूट टाचेवर आपटत जातात. नव्याने नोकरीला लागलेल्या मुलींच्या टाचा बुटातून सुटतात, तिथे चिकटपट्टी असते. एक गृहस्थ येऊन उभ्याउभ्याच बूट पॉलिश करून, फोनवर कोणाला तरी "निघालोच, पाच मिनिटांत पोचतो" सांगत सावकाश निघून गेले. मामा म्हणाले, "हे रोज असंच निघतात." साताऱ्याकडचे होते ते, तरुणपणी आले. त्यांना विचारलं, मुंबई कधी फिरलात का? "ही काय, फिरतीय की," म्हणत त्यांनी समोरच्या रस्त्याकडे हात केला. तीस रुपये घेतले. मी वरचे दहा परत घेतले नाहीत, तर त्यांनी रागावून माझ्या दोन्ही चपलांना फुकट पॉलिश केलं.

हुतात्मा चौकात दुपारचं ऊन. फ्लोराचं कारंजं १८६४ चं. त्याच्या बाजूला शेतकरी आणि कामगार मशाल धरून उभे आहेत, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गेलेल्या १०६ जणांसाठी. शाळेत हा आकडा परीक्षेला येई म्हणून पाठ केला होता. तिथे उभं राहिल्यावर तो आकडा राहत नाही, एवढंच सांगते.

त्या भागात चालताना एक खेळ सुरू झाला. या शहरात वस्तू जातात, नावं राहतात. भागाचं नाव फोर्ट, पण किल्ल्याचे तट १८६०च्या दशकातच पाडले. चर्चगेट म्हणतो तो त्या तटाचा दरवाजा, सेंट थॉमसच्या चर्चकडे जाणारा. चर्च जागेवर आहे, १७१८ पासून, दरवाजा गेला आणि त्याचं नाव रेल्वेने उचललं. बोरीबंदरला बंदर नाही, धोबीतलावाला तलाव नाही. काळा घोडा, म्हणजे इंग्रज राजाचा घोड्यावरचा पुतळा, तर १९६५ साली स्वारासकट राणीच्या बागेत नेऊन ठेवला, तरी चौकाचं नाव काळा घोडाच. अखेर २०१७ मध्ये तिथे नवा काळा घोडा बसवला, पण पाठीवर राजा नाही, नुसता घोडा. हे बरं केलं. बिनास्वाराचा घोडा बघून त्या दिवशी तरी मला आपल्यातलाच कोणीतरी वाटला.

जेवणाचं मात्र सांगितलंच पाहिजे, कारण एकटं फिरताना सगळ्यात जड जातं ते हेच. चालताना एकटेपण कोणाला दिसत नाही. हॉटेलात शिरल्या शिरल्या मोठ्याने विचारतात, "कितने?" एका उडप्याच्या दारात मी दोनदा जाऊन परत फिरले. तिसऱ्यांदा "एक" म्हटलं. माझा आवाज इतका लहान आला की त्याने पुन्हा विचारलं. पण फोर्टमध्ये दुपारी दीड वाजता एकट्या माणसासाठी रिकामं टेबल कोण ठेवतो? त्याने मला चौघांच्या टेबलावर उरलेल्या खुर्चीत बसवलं. समोर दोन अनोळखी पुरुष, शेजारी एक मुलगी, चौघंही आपापली राइस प्लेट घेऊन. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मुलीने न विचारता लोणच्याची वाटी माझ्याकडे सरकवली आणि पुन्हा फोनमध्ये गेली. घरी मी नेहमी शेवटी जेवते, निम्मं लक्ष कोणाला काय हवंय त्यात. इथे माझ्या ताटात मला काय हवंय ते मलाच विचारायचं होतं, तर मला चटकन सांगता येईना. पोळी आणखी एक घेतली, ती खरं तर नको होती.

जेवून एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर गेले. तीस आहेत, मोजल्या. वर पांढरे दणकट खांब, १८३३ मध्ये पुरा झालेला टाउन हॉल. आत नाना शंकरशेटांचा पुतळा आहे. आपल्याकडच्या पहिल्या रेल्वेच्या, म्हणजे १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे धावलेल्या गाडीच्या कंपनीत ते संचालक होते. त्या माणसामुळे पुढे कधीतरी पंचवटी नाशिकला आली, असा हिशेब लावून मी मनातल्या मनात नमस्कार केला. पायऱ्यांवर ऊन तापलं होतं, स्वेटरची बसायला गादी झाली. दिवसभरात त्याचा तेवढाच उपयोग.

यानंतर मी वस्तुसंग्रहालयात गेले. त्यामागे कलेची ओढ होती असं म्हणवत नाही. एकट्या बाईला शहरात फिरताना दर तीन तासांनी एकच प्रश्न पडतो आणि त्याचं उत्तर तिकीट काढून मिळत असेल तर ते तिकीट कितीही असो, स्वस्तच. मैत्रिणींना माझा हा एकमेव प्रवासी सल्ला आहे: पाणी प्यायचं थांबवू नका, संग्रहालयं शोधा.

पण आत गेल्यावर पाऊण तास निघाले नाही. जॉर्ज विटेटची इमारत, याच माणसाने पुढे गेटवे बांधला. घुमटाखाली उभं राहून वर पाहिलं तर सज्जाला जुन्या वाड्याचं लाकूडकाम, कोरीव खांब, कमानी, कठडे. अठराव्या शतकातलं. नाशिककडच्या वाड्यातलं आहे, असं तिथल्या एका कर्मचाऱ्याने सांगितलं. आमच्या जुन्या नाशकात असे वाडे माझ्या डोळ्यांदेखत पडले. माझ्या आत्याचा वाडा पाडला तेव्हा त्याचे खांब सरपणाच्या भावाने गेले. आणि इथे, मुंबईत, घुमटाखाली, तेच लाकूड तेल-पाणी करून ठेवलेलं. मी कठड्यावर हात ठेवला. ठेवायचा नसतो, माहीत आहे. क्षणभरच.

बाकी दालनांतून भराभर निघाले. लक्षात राहिल्या त्या सिंधमधल्या मीरपूरखासच्या स्तूपातल्या मातीच्या बुद्धमूर्ती. दगडाच्या नाहीत, भाजलेल्या मातीच्या. इतक्या शतकांत फुटल्या कशा नाहीत, हा घरी बशा फोडणाऱ्या बाईला पडणारा प्रश्न.

साडेतीनला ओव्हल मैदान. इथे मात्र 'काम' हा शब्द डोक्यातून गेला होता. पूर्वेला राजाबाई टॉवर, न्यायालय, सगळं टोकदार, दगडी, गंभीर. पश्चिमेला तीसच्या दशकातल्या गोल कोपऱ्यांच्या, आइस्क्रीमच्या रंगाच्या इमारती. मध्ये मैदान. या दोन्ही रांगा मिळून २०१८ साली जागतिक वारसा ठरल्या. मैदानात त्याचं कोणाला काही नव्हतं. तिथे एकाच वेळी निदान सहा सामने चालू होते आणि ते एकमेकांत शिरलेले होते. एका सामन्याचा लाँग-ऑन दुसऱ्याच्या स्लिपमध्ये उभा. चेंडू आला की आधी तो आपला आहे का हे बघायचं, मग पकडायचा. एका पोराने चुकून दुसऱ्यांचा झेल घेतला, दोन्ही संघांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात टॉवरचे टोले पडले. प्रेमचंद रायचंदांनी आईच्या नावाने १८७८ मध्ये पुरं करवलेलं ते घड्याळ दर पाव तासाला वाजतं. माझ्या लेकाने मला मनगटावर बांधायचं घड्याळ दिलंय, तेही दर तासाला थरथरतं, पण त्यावर 'उठा, चाला' असं येतं. मी ते काढून पर्समध्ये टाकलं.

मरीन ड्राइव्हबद्दल काय लिहायचं? सगळ्यांनी लिहिलंय. कठड्यावर रस्त्याकडे पाठ करून तासभर बसले. डावीकडे एक जोडपं भांडत होतं, उजवीकडे एक म्हातारे गृहस्थ सोवळं असल्यासारखे कोणाला न शिवता बसले होते. खाली सिमेंटच्या त्या चार पायांच्या ठोकळ्यांत एक खेकडा येरझाऱ्या घालत होता. समुद्र होता. घरून फोन आला, "झालं का?" काय झालं का, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

सव्वापाचला उठले. चर्चगेटहून सीएसएमटीला आता भुयारी मेट्रो आहे, ऑक्टोबर २०२५ पासून, मधे हुतात्मा चौक आणि मग आपण. पण सकाळची वाट जमिनीवरून केली तर परतीची खालून कशाला, म्हणून चालतच निघाले. आणि तिथे त्या शहराने मला उचललं. फोर्टातल्या सगळ्या कचेऱ्या एकदम सुटल्या होत्या. त्या गर्दीत चालावं लागत नाही, नुसतं उभं राहायचं, ती नेते. सकाळी मी ज्यांच्या वाटेत उभी होते त्यांच्यातलीच एक झाले. घड्याळ बघत, पिशवी छातीशी धरून, खांदे आत ओढून. कमानीखाली मामांचा खांब दिसला. ते पेटी आवरत होते. हात करायचा होता, पण थांबता आलं नाही.

सव्वासहाची पंचवटी. माझ्या जागेवर बसते तोच समोरून आवाज, "अगंबाई, तुम्ही!" सकाळच्या ताई. त्यांनी कोणाशी तरी जागा बदलून घेतली आणि शेजारी येऊन बसल्या. माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"थेंब घातलेले दिसत नाहीत."

"नाही घातले."

"मग डॉक्टर काय म्हणाले?"

ठाण्यापर्यंत मी काहीबाही बोलत राहिले. मग कंटाळा आला त्या डोळ्यांचा. म्हटलं, "खरं सांगू का? डॉक्टर नव्हतेच. मला काही काम नव्हतं. फिरायला आले होते."

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, रागावल्या. मग फाइल मांडीवरून काढून वरच्या फळीवर टाकली, जरा जोरातच.

"मी साडेअकरापासून पाचपर्यंत बाकड्यावर बसून होते," त्या म्हणाल्या. "साहेब आलेच नाहीत. उद्या या म्हणाले. कुठे कुठे गेलात तुम्ही? सांगा बरं."

मी चांभारमामांपासून सुरुवात केली. त्यांनी खारे दाणे काढले. कसाऱ्याला मागे घाट चढवायची इंजिनं लागली, गाडीला हिसका बसला आणि निम्मे दाणे खाली सांडले, तेव्हा आम्ही ओव्हलवरच्या झेलापर्यंत आलो होतो. "दोघांनी टाळ्या वाजवल्या?" त्यांनी दोनदा विचारलं.

इगतपुरीला उघड्या खिडकीतून गार वारं आत आलं. दिवसभर उगाच वागवलेला स्वेटर उलगडला आणि डोक्यातून घातला. त्याला बूटपॉलिशचा वास येत होता.